शुक्रवारी नक्की झऱ्यांवर

२ फेब्रुवारी, रविवार
ही भावाकडे गेली आहे. हवापालट. रागावून वगैरे अजिबात नाही. जाताना दार जरा जोरात लागलं, पण आमचं दारच तसलं आहे. हवापालटाला शिलाई मशीन कशाला लागतं, ते मात्र कळलं नाही. असेल काही शिवायचं.

संकल्प : हिला गरम पाण्याच्या झऱ्यांवर न्यायचं. गुडघे दुखतात, एकदा घेऊन चला, असं लग्नानंतर किती वर्षं म्हणतेय. त्या पाण्यात बसली की राग (नाहीच आहे, पण असलाच तर) आपोआप निघेल. डाग कसलाही असो, कढत पाणी आणि धीर. माझं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे, मला नाही कळणार तर कोणाला? ड्रायक्लीनिंगमध्ये पाणी नसतं, पण तत्त्व तेच.

३ फेब्रुवारी
फोन केला. मेहुण्याने उचलला. ताई झोपलीय म्हणाला. मागून हिचाच आवाज येत होता, झोपलीय म्हणून सांग असा. आता झोपेतही बोलते म्हणजे तिकडची हवा काही मानवलेली नाही.

५ फेब्रुवारी, दुपार
बोलणं झालं! शुक्रवारी नक्की निघू म्हणालो. कुठल्या, म्हणाली. अगं, याच, म्हणालो. मग तिने विचारलं, हे मला सांगताय की गिऱ्हाइकाला?

टोमणा मारला म्हणजे गाडी रुळावर येतेय. खरं तर आमच्या धंद्यात शुक्रवार हा वारच नव्हे. कोणी कपडा कधी मिळेल विचारलं की तोंडातून आपोआप निघतो. गिऱ्हाईकसुद्धा समजून घेतं. बायकोने समजून घ्यायला काय हरकत होती?

७ फेब्रुवारी, शुक्रवार
निघता आलं नाही. ऐन वेळी बॉयलर गळायला लागला. बँडवाल्यांचे लाल कोट वाफेवाचून लटकलेत. मी तरी काय करणार?

कळवायला फोन केला. मेहुणा म्हणाला, ताई सकाळपासून बॅग भरून पायरीवर बसली होती, आत्ता उठून आत गेली. पण बॅग भरली होती! म्हणजे यायचं होतं. हे महत्त्वाचं.

११ फेब्रुवारी
पूर्वतयारी. एकदम तसल्या पाण्यात उतरलो आणि हिच्यासमोर मलाच भोवळ आली तर शोभा व्हायची. सराव हवा. रजया भिजवायच्या टबात कढत पाणी सोडलं आणि बसलो. अहाहा! उठायला गेलो तर उठवेना. टबाने मला धरलंय की मी टबाला, काही कळेना.

नेमक्या तेव्हाच काउंटरवर वकीलबाई. काळा कोट कधी देताय? पडद्याआडून म्हणालो, शुक्रवारी. उद्या कोर्टात टॉवेल पांघरून उभी राहू का, असं विचारून त्यांनी सरळ पडदाच सारला. मग कोट स्वतःच शोधून घेतला आणि गेल्या. मला आहे तसा ठेवून. शेवटी इस्त्रीवाल्याने टबच आडवा केला.

सराव एकंदरीत समाधानकारक.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
कंबर धरली आहे. कुशीवर वळता येत नाही, झऱ्यांवर काय जातो कपाळ! मेहुण्याला कळवलं. भाऊजी, आता पुरे करा, म्हणाला. मी शांतपणे समजावलं की कंबरेला त्या पाण्यासारखा दुसरा उपाय नाही, तेव्हा पुढच्या शुक्रवारी आता दुप्पट कारणाने जाऊ. त्याने फोन ठेवला. पटलं असावं.

१७ फेब्रुवारी
चहापत्ती सापडली नाही. फडताळातले सगळे डबे उघडून पाहिले. एकात बटणं, एकात जुने मोजे, तेही धुऊन ठेवलेले. मग ओट्याला टेकून नुसताच उभा राहिलो. मला ती घरात हवी आहे. चहासाठी नव्हे. ती नसली की मी कोणाला काही सांगतच नाही, आणि सांगण्यासारखं काही घडतही नाही.

हे फार झालं. उद्यापासून कंबरेचे व्यायाम.

१९ फेब्रुवारी
निरोप आला! ही येत्या शुक्रवारी झऱ्यांवर जातेय, भाऊ-भावजयीबरोबर, त्यांच्या गाडीने. तुम्हाला यायचं तर या, म्हणे. बघा! माझ्यावाचून पाय निघेना तिचा. दुकानाला कुलूप. बँडवाले बसोत बोंबलत.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार, परतीच्या बसमध्ये
गेलो. शुक्रवारी म्हणालो आणि शुक्रवारीच पोचलो.

पुरुषांचं टाकं वेगळं, बायकांचं वेगळं, मधे भिंत. कुजक्या अंड्यांचा वास. पलीकडून बायकांच्या गप्पा ऐकू येत होत्या. ही तिथेच असणार. समोरासमोर मला कधी जमलं नाही, भिंत होती तेच बरं. ओरडूनच सांगितलं सगळं. चुकलो म्हणालो. घर खायला उठतं म्हणालो. बॉयलर भंगारात घालतो, दुकान बंद करतो, पण तू चल. पलीकडून एक हुंदका. मलाही भरून आलं. जिंकलो म्हटलं.

कपडे चढवून बाहेर आलो तर हुंदका एका अनोळखी आजींचा निघाला. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. ही कधीच आटपून बाकावर केस पुसत बसली होती. सगळं पुन्हा सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाली, ऐकलं मी, अख्ख्या आवाराने ऐकलं. गुडघे हलके वाटतायत म्हणाली. चेहरा इतका मोकळा मी किती दिवसांत पाहिला नव्हता. मग पर्समधून किल्ली काढून माझ्या हातात ठेवली, ही तुमच्याकडेच असू द्या म्हणाली, आणि भावजयीबरोबर फाटकाकडे निघाली.

लॉकरची! सामान आणायला भावाला नाही, मला सांगितलं! कंबर विसरून धावलो. तिथल्या बाईंनी बायकांच्या बाजूचे सगळे लॉकर पाहिले. एकालाही लागेना. मग त्यांनी किल्ली उजेडात धरली. दादा, म्हणाल्या, आमच्या किल्ल्यांवर आकडा असतो, ही कुणाच्या तरी घराची दिसते.

खिशातून माझी काढली आणि शेजारी धरून पाहिली.

फाटकापाशी पोचलो तोवर गाडी गेली होती. घराच्या दोन्ही किल्ल्या आता माझ्याकडे आहेत.