वेदीपर्यंतची अठ्ठावीस पावलं

मंगळवार, ९ सप्टेंबर

प्रिय दादास,

धाकट्याचा नमस्कार. माझं बरं चाललंय. गुडघा कुरकुरतो, पण माझ्यासारखाच, कुरकुरत काम करतो. तुझा खोकला थांबला का? सूनबाईंना म्हणावं, औषध समोर उभं राहून पाजत जा. त्यांची पाठ वळली की तू चमचा कुंडीत ओततोस, हे मला ठाऊक आहे.

दोन गल्ल्यांवर राहून पत्र कसलं लिहितो, असं म्हणशील. एक तर कानाशी ओरडल्याशिवाय तुला आता ऐकू येत नाही, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही. दुसरं म्हणजे, समोर आलो की तू "ये रे बारक्या, बस" म्हणतोस आणि माझं सगळं तोंडातच राहतं.

फादरांनी मला गाठलं. रविवारी तुझ्या नव्वदीची मिस्सा आहे ना, ती झाल्यावर तुझं आयुष्य वाचून दाखवायचं आहे, दोन पानं. "तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखतं?" म्हणाले. मी मान डोलावली. घरी येऊन लिहायला बसलो आणि खरं सांगतो, दुसऱ्या ओळीपासूनच पोटात दुखायला लागलं.

चोविसाव्या वर्षी सैन्यात गेला, असं लिहिलं. चार वर्षांनी डाव्या पायात गोळी आणि छातीवर दोन पदकं घेऊन परत आला. स्टेशनावर सगळं गाव लोटलं होतं. मीही आलो होतो, तुझी ट्रंक उचलायला. त्या चार वर्षांत आईबाबांची आजारपणं, वहिनीचं किराणासामान, गळकं छप्पर, सगळं या बारक्याने निभावलं. तुझी थोरली लेक चालायला शिकली तीही माझं बोट धरून. छप्पर शाकारल्याबद्दल पदक देत नाहीत, हे मला तेव्हा कळलं.

मग तीस वर्षं पाणीपुरवठ्यात. सकाळी पाचला तू टाकीवर जाऊन चावी फिरवायचास आणि गावाला पाणी यायचं. बायका नळाखाली हंडा लावताना तुझं नाव घ्यायच्या. मी या गावाचे निम्मे दरवाजे केले, पण दार उघडताना सुताराची आठवण कुणाला येते? दार अडकलं तरच.

चार मुलं, नऊ नातवंडं, शेवटपर्यंत तुझी वाट बघून जेवणारी वहिनी. माझी बाई लग्नानंतर तिसऱ्या वर्षीच गेली, मूलबाळ नाही. मला तुझा हेवा वाटत आला, दादा. वाटत आला कसला, आजही वाटतो. नव्वदीत तुझे दात शाबूत आहेत, याचासुद्धा वाटतो.

तर असं करत थोरलीच्या लग्नापर्यंत आलो आणि पेन अडलं. "मुलांची लग्नं थाटात केली" एवढं खरडून पान मिटवलं. पण रविवारी थोरली येणार, तुझ्या शेजारी बसणार, ते वाक्य ऐकणार आणि तुझ्या कानाशी पुन्हा म्हणून दाखवणार. मला ते वाचता येणार नाही.

तू लढाईवरून आलास तो दिवस आठव. तू ओसरीवर गुडघा टेकून हात पुढे केलेस, आणि थोरली माझ्या पायामागे लपली. माझी पॅन्ट सोडेना. आठ दिवसांनी तू म्हणालास, "बारक्या, आता तू तुझी वेगळी खोली बघ." पदकांची हवा डोक्यात गेली, असं मी वीस वर्षं धरून चाललो.

मग थोरलीचं लग्न ठरलं. दोन महिने राहिले होते. चर्चमधल्या पापनिवेदनाच्या लाकडी खोलीची मागची फळी वाळवीने खाल्ली होती, ती बदलायला मला बोलावलं होतं. शनिवारी संध्याकाळी भिंत आणि खोली यांच्यामधल्या सांदीत मी आडवा पडून खिळे ठोकत होतो. खिळे संपले, पिशवीत चाचपत बसलो, तेवढ्यात तेव्हाचे म्हातारे फादर येऊन आत बसले. मी मागे आहे हे त्यांना माहीत नव्हतं. आणि लगेच तुझ्या काठीचा आवाज आला.

मी खोकलो असतो तरी पुरलं असतं. नाही खोकलो. उलट फळीला कान लावला. या देवमाणसाचं एक तरी पाप आपल्याला कळू दे, म्हणून.

तू म्हणालास, "फादर, मला माझ्या धाकट्या भावाचा हेवा वाटतो. पोरगी माझी आहे, पण बाप तोच वाटतो तिला. त्यासाठी मी त्याला घरातून काढलं."

श्वास कोंडून मी पडून राहिलो. रडू यायला हवं होतं. मला आनंद झाला, दादा. पदकवाल्याला माझा हेवा वाटतो, हा आनंद मी दोन महिने चघळला. पुढच्या शनिवारी मी पापनिवेदनाला मुद्दाम शेजारच्या गावी गेलो, तिथल्या फादरांना माझं सुतारकाम माहीत नव्हतं. तिथेही अर्धंच सांगितलं. ऐकलेलं कुणाला बोललो नाही, तेवढा धर्म पाळला. पण वापरलं.

वधूला वेदीपर्यंत बाप घेऊन जातो. थोरलीला मी म्हणालो, "तुझ्या बाबांना पायामुळे लाज वाटते, ते मलाच जा म्हणाले." ती रडली, पण तुला विचारायला गेली नाही, तुझं मन दुखेल म्हणून. आणि तुझ्याकडे येऊन मी म्हणालो, "दादा, पोरीला स्वतः सांगवत नाही, पण इतक्या लोकांत तू लंगडत चालणार, हे तिला अवघड वाटतंय."

तू वर्तमानपत्राची घडी घातलीस. म्हणालास, "बरं. तिला हवं तसं होऊ दे."

त्याच संध्याकाळी बूटवाला मला रस्त्यात भेटला. तू डाव्या पायाला उंच टाचेचा बूट शिवायला टाकला होतास, काठीशिवाय चालता यावं म्हणून. टाकीभोवती रोज सकाळी सराव करायचास, हेही त्यानेच सांगितलं. तेव्हाही थांबता आलं असतं. नाही थांबलो.

दारापासून वेदीपर्यंत अठ्ठावीस पावलं आहेत, मी मोजली. तू पहिल्या बाकावर बसला होतास, पायात तेच बूट. आम्ही जवळून गेलो तेव्हा तू माझ्याकडे बघून हसलास. त्या हसण्याचाही मला राग आला.

बेचाळीस वर्षं तुला वाटतंय, पोरीला तुझी लाज वाटली. बेचाळीस वर्षं तिला वाटतंय, बाप तिच्यासाठी चार पावलं टाकायला तयार झाला नाही. दोघंही खोटं धरून बसला आहात, आणि ते माझं आहे.

थोरलीला काल वेगळं पत्र टाकलं. तुझ्याआधी तिला, म्हणजे मला माघार घेता येऊ नये. तिच्या पत्रात पापनिवेदनाचं अक्षर नाही. ते तुझं आहे. तिला एवढंच लिहिलं की तुझे बाबा नाही म्हणाले नव्हते, मी खोटं बोललो, आणि बुटांचंही लिहिलं. फादरांना सांग, ती दोन पानं आता दुसऱ्या कुणाकडून तरी लिहून घ्या.

इतकी वर्षं का बोललो नाही, ते सांगतो. ती गावी आली की आधी माझ्या दारात येते, चहा घेते आणि मग तुझ्याकडे जाते. तेवढं एकच तुझ्याकडे नव्हतं आणि माझ्याकडे होतं. ते सोडवेना.

या रविवारी ती सरळ तुझ्याकडे येईल. येऊ दे. मी खिडकीत उभा राहून बघणार नाही, असं लिहिणार होतो, पण आणखी खोटं कशाला? राहीन. आणि पोटात दुखेलही.

क्षमा कर असं म्हणायला जीभ उचलत नाही. तुला जमेल तेव्हा बघ.

तुझ्या जागी चाललेला,
तुझा बारक्या