महिन्याला चौतीस दिवस आजारी

४ जानेवारी
आजपासून पीएच.डी. धडाक्यात. रोज दोन पानं म्हणजे दोन पानं! (आज शून्य. आधी मूड लागतो.) विषय: दवाखाना जवळ असला की लोक कमी आजारी पडतात का? सर्व्हेचा डेटा आलाय. शेजारच्या टेबलावरच्या सीनियर ताई म्हणाल्या, आधी डेटा साफ कर. साफसफाईत हयात घालवणाऱ्यांचं काय होतं ते दिसतंच आहे. ताईंना सहा वर्षं झाली, अजून पहिलाच चॅप्टर.
आईचा फोन. बाबांच्या पायाची शुगरची जखम भरत नाही. दवाखाना घरासमोरच, म्हणून रोज ड्रेसिंग होतं. डॉक्टर म्हणतात, एकही दिवस चुकवू नका. फोन आवरता घेतला. कामं असतात.

११ जानेवारी, दुपार
सापडलं! दवाखान्याजवळचे लोक उलट जास्त आजारी. महिन्याला सरासरी चौतीस दिवस! ताईंनी विचारलं, महिना किती दिवसांचा असतो रे? जळतात. सर्दी नि पाठदुखी एकदम झाली की एका दिवसाचे दोन धरायचे. थिअरीही तयार: दवाखाना समोर दिसला की माणूस आजाराची चैन करतो.

१९ जानेवारी
आमचे गाईड पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसले. जरा दचकलोच. आकडे पाहिले नाहीत, थेट निष्कर्ष वाचला. ते आरोग्य खात्याच्या समितीवर आहेत. म्हणाले, खात्याला खर्च कमी करायचाय, असंच काहीतरी हवं होतं.

२ फेब्रुवारी
ताई म्हणाल्या, उत्तर न देणाऱ्यांपुढे सर्व्हेवाले ९९ लिहितात, ते काढलेस ना? म्हटलं, हो. (नाही.) मग गुपचूप काढून पाहिले. निकाल गायब! लगेच परत घातले. न बोलणाऱ्यांचंही ऐकायला हवं, लोकशाही आहे. झोप लागत नाही. चहा कमी करणे.

१६ फेब्रुवारी
समितीपुढे माझा तक्ता, भिंतभर. चौतीसवर कुणी चकार शब्द काढला नाही. सगळे नुसते माना डोलवत होते. मला घाम. सरांना खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी पाठीवर थाप मारली. आता आनंदावर विरजण कशाला? सोमवारी सांगू.

२७ फेब्रुवारी
सोमवार. सर घाईत. शिवाय खातं एका तक्त्यावर थोडंच निर्णय घेतं? तिथे शहाणी माणसं बसलीत.

२१ मार्च
आमच्या गावच्या दवाखान्याला कुलूप. पुढचा दवाखाना दोन बस बदलून. बाबांना पाय टेकवत नाही. आठवडाभर ड्रेसिंग नाही. माझ्या थिअरीप्रमाणे त्यांना आता बरं वाटायला हवं.

२९ मार्च
आईचा फोन. बोटं काळी पडलीत. बहुतेक पाय काढावा लागेल. रडली नाही. म्हणाली, एवढा शिकतोयस, मोठमोठ्या लोकांत ऊठबस आहे तुझी. दवाखाना बंद करा असं कुणी सांगितलं, तेवढं शोध. त्याला एकदा घरी घेऊन ये. मी काही बोलणार नाही, फक्त बाबांचा पाय दाखवीन.
म्हटलं, हो.