पडद्यामागचे रविवार

ता. ५ जाने. १९६४, रविवार

आज दोन भावांचा सिनेमा. लहानपणी ताटातूट, मोठेपणी एक फौजदार, एक चोर. शेवटी गोळी लागली ती चोरालाच. मला तोच जास्त आवडला होता. फौजदार नुसता छाती काढून चालतो.

ह्यांनी दिवाळीनंतर त्या बंद पडलेल्या तंबू-सिनेमावाल्याचं मशीन आणलं तेव्हा सासरे, बापूजी, आठ दिवस बोलले नव्हते. आता रविवारी दुपारची जेवणं झाली की स्वतःची खुर्ची आधी तेच मांडतात. खिडक्यांना घोंगड्या, मधल्या दारात पांढरं धोतर ताणून बांधलेलं. पुरुष बैठकीत, शेजारचे दोघे धरून. आम्ही तिघी, सासूबाई (सगळे म्हणतात तशी मीही माय म्हणते), नणंद जसोदा अन् मी, मधल्या घरात, धोतराच्या मागे. सासऱ्यांसमोर बसायची रीत नाही, तंबूत जायची तर नाहीच नाही.

मागून सगळं उलटं दिसतं. नायक डाव्या हाताने जेवतो. नावं उजवीकडून वाचावी लागतात. मला जमायला लागलंय.

जसोदा मध्येच उठून गेली. चूल पाहते म्हणाली. चुलीवर काही नव्हतं.

ता. १२ जाने., रविवार

देवाचा. माय अंघोळ करून बसल्या, उदबत्ती लावली. धूर पडद्यावर गेला तसे बैठकीतून हे ओरडले. मायने मला हळूच विचारलं, "आपलाले देव उलटा दिखस, पुण्य लागस ना?" म्हटलं, लागत असेल. देवाला काय उलटं अन् काय सुलटं.

आवाज इतका खरखरला की शाप की आशीर्वाद तेच कळेना. तरी बापूजी दोनदा उपरण्याने डोळे पुसत होते, असं हे नंतर म्हणाले. मला खरं वाटतं. बापूजी रागीट, पण मन मऊ. बैल आजारी पडला तरी जेवत नाहीत.

जसोदा पूर्ण बसली आज. हसली पण, राक्षसाची मिशी एका बाजूने सुटली तेव्हा.

ता. १९ जाने., रविवार

नंदुरबारच्या बसने सिनेमाच्या रिळांचा डबा आलाच नाही. कंडक्टर म्हणे, कोणी दिलाच नाही. बापूजींनी दुपारभर कुणाकुणावर राग काढला. शेवटी हरभऱ्याच्या शेतात निघून गेले.

ता. २८ जाने., मंगळवार

तळोद्याकडून दोघे आले होते, जसोदाचा चुलतसासरा अन् आणखी एक. बैठकीत दोन तास. चहा मीच केला, म्हणून निम्मं कानावर आलं. जसोदाला माहेरी येऊन दीड वर्ष होईल. ते म्हणतात पोरगी हट्टी आहे, भांडून निघून आली, झालं गेलं विसरू, पाठवा. बापूजींनी शब्द दिला. गहू निघाला की पाठवतो.

जसोदा मागच्या दारात भांडी घासत होती. ऐकलं असेल. एक तांब्या किती वेळ घासत होती.

का आली ते तिने कधीच सांगितलं नाही. आली तेव्हा नुसती झोपायची. मायने विचारलं, मी विचारलं. "जमं नही" एवढंच. मग कोणी विचारेनासं झालं. बापूजींनी तर एकदाही नाही. बापाने लेकीला असलं विचारायचं नसतं म्हणे.

ता. २ फेब्रु., रविवार

सावत्र आईचा. पोरीला छळते, उपाशी ठेवते, मग अडगळीच्या खोलीत कोंडते. पोरगी आत गाणं म्हणते. बैठकीत हसू, कारण बाहेर एक ढेरपोट्या नोकर किल्ली चोरायला जातो अन् सारखा पडतो. मीही हसत होते.

एकदम उजेड. जसोदाने मागचं दार सताड उघडलं होतं. धोतर पांढरंफटक झालं, पलीकडून सगळे ओरडायला लागले, दार लाव, दार लाव. ती उंबऱ्यात उभी, चौकटीला धरून, धाप लागल्यासारखी. मी हात लावला तर अंग गार. माय म्हणाल्या, पित्त झालं. मी दार लावलं, पण अर्धंच. बैठकीत कुरकुर झाली. होऊ दे.

त्यापुढे सिनेमात काय झालं मला माहीत नाही.

ता. ५ फेब्रु., बुधवार

शेवटी बोलली. दुपारी आम्ही दोघीच, ओसरीवर घाटे सोलत. मी काही विचारलंही नाही. लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच वाटेल मी वाढवून सांगते.

तिच्या सासरी वाड्याच्या मागे कापसाची खोली आहे. खिडकी नाही. नवऱ्याशी शब्दाला शब्द झाला की तिथे. आधी तासभर, मग रात्रभर. शेवटच्या खेपेला चार दिवस. कापूस छतापर्यंत भरलेला, दाराशी जेमतेम बसायला जागा. एक लोटा पाणी. कोणी दार उघडेना. सासू बाहेरून जायची, बांगड्या वाजायच्या. चौथ्या दिवशी सालदार गड्याने कापूस काढायला दार उघडलं अन् ही जी निघाली ती बसच्या रस्त्यापर्यंत थांबली नाही.

"कडी बाहेरथीन व्हती, भाभी. मी आतून किती बोंबलनू."

मी म्हटलं, हे का नाही सांगितलंस. म्हणाली, कोणाला सांगू, सगळे म्हणतील तू काय केलंस ते आधी सांग.

खरंच. मीही कदाचित तेच विचारलं असतं.

ता. ६ फेब्रु., गुरुवार

ह्यांना सांगितलं. मग म्हणाले, "बापूजीले कोन सांगी?" भाऊ असून. मला राग आला. पण ह्यांचा चेहरा पाहून बोलवेना. बापूजींनी दिलेला शब्द मागे घेतलेला ह्यांनी आयुष्यात पाहिलेला नाही.

माहेरच्या सवयीने शाळेचं मराठी लिहिते इथे. बोलायला गेले की घरचीच बोली येते, अन् ती बापूजींसमोर येतच नाही. लग्नाला सहा वर्षं झाली, त्यांच्याशी सरळ एक वाक्य बोललेले नाही.

ता. ९ फेब्रु., रविवार

जंगलाचा. वाघ सरळसरळ पाळलेला, शेपूट हलवत होता. मारामाऱ्या. बापूजी कंटाळून झोपले, घोरणं पडद्यापलीकडून इकडे ऐकू येत होतं. जसोदा आली नाही. मी एक रीळ पाहून उठले, तिच्याजवळ जाऊन बसले. गहू पिवळा पडायला लागलाय, असं ती म्हणाली. दुसरं काही नाही.

ता. १६ फेब्रु., रविवार

घाईने लिहितेय, अक्षर वाईट येईल.

आजचा होता सोशिक बायकोचा. नवरा दारू पितो, मारतो, घराबाहेर काढतो. ती देवळात झाडलोट करते, त्याच्यासाठी उपास करते. तो आजारी पडतो, ही येऊन सेवा करते. तो रडतो, ती पाय धरते. मला खरं सांगायचं तर रडू आलं. बाई फार छान काम करते, न बोलता नुसतं पाहते. मायच्या डोळ्यांना धार. जसोदा आज माझ्याजवळच बसली होती, मांडीवर हात ठेवून.

शेवटचं रीळ लावायला हे थांबले. खिडकीची घोंगडी थोडी बाजूला केली. धोतर मोकळं, पलीकडे माणसांच्या सावल्या. बापूजी शेजाऱ्यांशी बोलत होते, पण मोठ्याने, आम्हाला ऐकू जावं असं. "पाह्यं? बाईनी सोसं, तं धनी सुधरी गया. थोडं सोसं की समदं नीट व्हस."

माझ्या शेजारून आवाज आला. जसोदाचा आहे हे कळायला मला क्षण लागला. ओरडली नाही. रोज भाजी काय करायची विचारते तसा आवाज.

"बापू, तिले कापूसनी खोलीमा नही कोंडं. माले कोंडं. चार दिन."

मग तिने सगळं सांगितलं. पाण्याचा लोटा, सासूच्या बांगड्या, सालदार. धोतराकडे पाहत. माय तिचा पदर ओढत होत्या, गप बस, लोके शेतस. ती थांबली नाही. सांगून झाल्यावर उठली अन् भांडी घेऊन मागे गेली.

शेजारचे दोघे निघून गेले. वहाणांचा आवाज आला. शेवटचं रीळ लागलं नाही.

ता. १७ फेब्रु., सोमवार

घरात कोणी कोणाशी बोलत नाही. माय चिडल्या आहेत, जसोदावर कमी, माझ्यावर जास्त. तूच पढवलंस. नाही पढवलं. पढवलं असतं तर एवढं नीट सांगता आलं नसतं तिला.

बापूजी जेवले नाहीत. शेतात.

ता. १९ फेब्रु., बुधवार

दुपारी मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. माय कीर्तनाला, हे शहाद्याला. बापूजी आले, खांबाशी उभे राहिले. मी पदर ओढून उठायला लागले तर म्हणाले, "बठ." मग, माझ्याकडे न पाहता, "तुले माहीत व्हतं?"

मी मान डोलावली.

"मन्हापाशी काब्र नही सांगं?" का नाही सांगितलं, असं मला विचारत होते.

सहा वर्षांत पहिल्यांदा बोलले मी. म्हटलं, तुम्ही विचारलं नाही, बापूजी. कोणीच विचारलं नाही.

मग आमच्या कापसाच्या खोलीकडे चालू लागले. भाव येईल म्हणून ठेवलेला कापूस आहे, अर्ध्याच्या वर भरलेली. दार उघडून आत गेले. आतून म्हणाले, "कडी लाव."

मला कळेना. परत म्हणाले. मी लावली. हात कसा उचलला मलाच माहीत. सासऱ्याला कोंडून बाहेर उभी राहिले. ऊन तापलेलं. आतून खोकला आला दोन-तीनदा, मग तोही नाही. जसोदा विहिरीवरून आली, मला तिथे पाहिलं. मी तिला सांगितलं. तिने घागर खाली ठेवली नाही, कमरेवरच धरून उभी राहिली.

ऊन ओट्याच्या दुसऱ्या पायरीवर आलं तेव्हा मला राहवेना, कडी काढली. बापूजी दाराला पाठ लावून बसलेले, तोल गेला त्यांचा. भुवयांवर, मिशीत कापूस. घामाने सदरा भिजलेला. जसोदाने घागरीतूनच पाणी ओतलं, त्यांनी ओंजळ धरली. पुष्कळ प्यायले.

मग मला विचारलं, "किती दिन? तीन?"

मी म्हटलं, चार.

जसोदाकडे पाहवलं नाही त्यांना. तिच्या डोक्यावर हात ठेवला फक्त अन् गोठ्याकडे गेले.

ता. २३ फेब्रु., रविवार

डबा आला. कोणी उघडला नाही. शेजारचे दोघेही फिरकले नाहीत. गावात बोललं जातंय, पाणवठ्यावर बायका माझ्याकडे पाहून थांबतात.

माय रात्रीच्या भाकरी थापताना म्हणाल्या, लोके काय म्हनतीन. मग थोड्या वेळाने, मला नाही, तव्याला, "तरी मी दोनदा गयतू तठे, जसोदाना सासरले. चहा पिसन उनू. मन्हा कानवर काहीच नही पडनं." त्यांचाही राग कुणावर आहे ते मला आज कळलं.

ता. २७ फेब्रु., गुरुवार

उद्या बापूजी अन् हे तळोद्याकडे जाणार. काय बोलणार ते सांगितलं नाही. ह्यांनी विचारलं, शब्दाचं काय? बापूजी म्हणाले, पाहू.

"पाहू" म्हणजे काय, ह्यावर आम्ही दोघं बराच वेळ बोललो. हे पहिल्यांदाच म्हणाले, बापूजी पाठवतो म्हणाले तरी मी गाडी जुंपणार नाही. म्हटलं, हे त्यांना सांगाल? म्हणाले, सांगेन. बघू.

ता. २९ फेब्रु., शनिवार

काल दिवेलागणीच्या बसने आले. बापूजी सरळ अंघोळीला. हे मला स्वयंपाकघरात म्हणाले ते असं:

व्याह्यांनी बैठकीत बसवलं, पाणी आणलं. बापूजींनी घेतलं नाही. चहा आला, तोही नाही. तिकडून बोलणं चालू, पोरगी हट्टी, पोरगी तोंडाळ. बापूजी ऐकत होते. मग एवढंच विचारलं, "तुमनी कापूसनी खोली कोठे शे? माले दखाडा."

जावई उठून बाहेर गेला. बापूजी जरा वेळ वाट पाहून उठले. दाराशी म्हणाले, गहू निघाला तरी आता मी पाठवत नाही. चुलतसासरा मागून आला अन् म्हणाला, असं नाही चालत, पंच बसतील.

तर पंच बसणार. पुढच्या पंधरवड्यात, आमच्याच गावात. शब्द मोडला म्हणून बापूजींना त्या लोकांच्या तोंडून ऐकून घ्यावं लागेल. ते माझ्याशी आज परत बोलले नाहीत, पण मी पाणी दिलं ते माझ्या हातून घेतलं.

ता. १ मार्च, रविवार

सिनेमा नाही. डबा आजच्या बसने परत पाठवला, न पाहता.

सकाळी जसोदाला सगळं सांगितलं, पाणी न घेतल्याचं पण. ती गव्हाच्या ओंब्या भाजत होती. पाणी नाही घेतलं? तिने दोनदा विचारलं. मग ओंब्या चोळत बसली, फुंकर मारून फोल उडवत. मूठभर दाणे माझ्या हातावर ठेवले.

पंचांत सगळे पुरुष. बायका आत बसतात, त्यांचं म्हणणं बाप नाहीतर भाऊ सांगतो. हे तिलाही माहीत आहे, तरी तिने विचारलं, "भाभी, माले तठे बोलू देतीन का?"

मी म्हटलं, बापूजींना विचारते.

दुपारपासून घरात फिरतेय. बापूजी खुर्चीत बसलेत, बैठकीत. मी दोनदा उंबऱ्यापर्यंत जाऊन आले.