तुम्ही काय शोधता ते आम्ही बघत नाही

लिंबायत, सुरत
शुक्रवार, दुपार

तीर्थरूप धुडकूमामांना,

श्रीरंगचा साष्टांग नमस्कार. (योगिताताईच्या झेरॉक्सच्या दुकानात काउंटरमागे साष्टांगाएवढी जागा नाही. सध्या गुडघ्यापर्यंतचा धरून चाला, उरलेला पारोळ्याला आलो की अंगणात घालीन.) तुमची पिठाची गिरणी, मामींचा उजवा खांदा आणि तुमची नवी कवळी, तिन्ही विनातक्रार चालत असतील अशी आशा करतो. इकडे आई बरी आहे, बाबांचा पगार आणि आवाज दोन्ही होते तेवढेच आहेत. फोन सोडून पत्र का, असं तुम्ही म्हणाल. फोन मामी उचलतात आणि उचलल्याबरोबर स्पीकरवर टाकतात. मागच्या वेळी मी तुम्हाला एकट्याला सांगितलेली गोष्ट दळण घेऊन आलेल्या सात बायकांना कळली आणि त्यातल्या तिघींनी मला उलट फोन करून सल्ला दिला. म्हणून हे पत्र गिरणी चालू असताना, भिंतीकडे तोंड करून वाचावं.

मी कॉलेज का सोडलं हे तुम्हाला घरातल्या प्रत्येकाने आपापल्या चालीवर सांगितलं असेल. खरी गोष्ट एवढीच, की दुसऱ्या वर्षाच्या शेवटी प्रोजेक्ट म्हणून मी सर्च इंजिन बनवतो म्हणालो आणि सर म्हणाले, जगात एक मोठं सर्च इंजिन आहे, ते सगळ्यांना पुरतंय, तू पगारपत्रकाचा प्रोग्रॅम कर. यावर मी फाइल टेबलावर ठेवली. (ठेवली हा माझा शब्द. सरांचा शब्द आपटली असा आहे, आणि त्यांच्या बाजूने हजेरीच्या वहीवर सांडलेला चहा साक्षीदार आहे.) तेव्हापासून दीड वर्ष मी इथे आधार कार्डाच्या झेरॉक्स काढतो, लोकांचे फॉर्म भरतो, आणि उरलेल्या वेळात इंजिन चालवतो.

तुम्ही स्वतः चार वर्षं उधन्याला माग चालवलेत, म्हणून या धंद्याची सध्याची हालहवाल तुमच्याच भाषेत सांगतो. मोठी इंजिनं म्हणजे स्वतःचं सूत, स्वतःचे माग, स्वतःची मिल. जगभरची पानं ती रोज वाचतात आणि विणून ठेवतात. छोट्यांच्या पाट्या झकास असतात, पण शटर वर करून पाहिलं तर बहुतेकांकडे माग नाहीच. मोठ्याकडून ग्रे, म्हणजे कोरं बिनरंगी कापड उचलायचं, आपल्या रंगात छापायचं, आपलं लेबल लावायचं. मागे एका मोठ्याने हे कापड देणंच बंद केलं आणि कितीतरी छोटे सूत संपलेल्या मागासारखे उभे राहिले. युरोपात दोघा छोट्यांनी मिळून स्वतःचे माग बसवायला घेतलेत, त्यांचं मला मनापासून कौतुक आहे. अमेरिकेत तर कोर्टाने सगळ्यात मोठ्याला झापलं, की प्रत्येक फोनमध्ये पहिल्या पाटावर तूच बसायचं असे करार चालणार नाहीत. (त्या दिवशी मी दुकानात पेढे वाटले. योगिताताईला वाटलं माझं लग्न ठरलं.) आणि आता मोठ्यांनी नवीन काढलंय. तुम्ही विचारलं, तर पानांचे पत्ते द्यायच्या आधी ते स्वतःच एक उत्तर शिजवून वर वाढतात. परवा शेजारच्या कलाबाईंनी पारोळ्याला जायची गाडी कुठून सुटते असं विचारलं, तर उत्तर आलं की प्रवासात पाण्याची बाटली जवळ ठेवावी. कलाबाईंनी बाटली भरून घेतली आणि गाडी कुठे मिळेल हे विचारायला माझ्याकडे आल्या.

माझ्या इंजिनाचं नाव 'सापडेल'. ते कुणाचं कापड उचलत नाही. मोठ्यांकडे एक प्रोग्रॅम असतो, त्याला ते कोळी म्हणतात, तो जाळ्यावरून जाळ्यावर फिरून पानं गोळा करतो. पण लिंबायतीची माहिती जाळ्यावर नाहीच, मामा, ती खांबांवर चिकटवलेली असते. खोली भाड्याने, माग चालवायला कारीगर पाहिजे, घरबसल्या साडीला खडे चिकटवायचं काम, शिरपूरची गाडी. म्हणून माझा कोळी मीच. दर रविवारी खांबाखांबाचे फोटो काढतो आणि आठवडाभर टाइप करतो. या कोळ्याला पाय दोनच असल्यामुळे अडचणी येतात. भेस्तानला एका कारखान्याच्या गेटवरचा कागद टिपत होतो, तर वॉचमन ओरडला की तपासणीवाले साहेब आले. मी साहेब नाही असं मी जरा आवाज चढवून सांगितलं, त्यामुळे त्याची खात्रीच पटली. दहा मिनिटांत सगळ्या गल्लीतले माग बंद. तिथला आवाज तुम्हाला माहीत आहे, त्यात माणूस स्वतःचा खोकला ऐकू शकत नाही. त्या दिवशी मला एका बाईने चपातीवर फडकं झाकलेलं ऐकू आलं. सात नंबरच्या कारखान्यातून तिथले मागांवर देखरेख करणारे मास्तर बाहेर आले, मला नखशिखांत पाहिलं आणि म्हणाले, हा तर झेरॉक्सवाला. हे मास्तर म्हणजे गजेंद्रआप्पा. ते धरणगावकडचे आहेत, आमच्याच गल्लीत राहतात, आणि (इथून पुढे गिरणीचा आवाज वाढवा) उज्ज्वलाचे वडील आहेत.

उज्ज्वला पांडेसऱ्याला कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये शेडकार्ड बनवते, म्हणजे कापडाच्या रंगांचे नमुने कार्डावर चिकटवून त्यांना नंबर देते. तिच्या बोटांना रोज वेगळा रंग असतो आणि सोमवारपासून शनिवारपर्यंतचे सगळे रंग मला पाठ आहेत, यावरून माझी तब्येत तुमच्या लक्षात येईल. दुकानाबाहेर मी पाटी लावली आहे: 'सापडेल. तुम्ही काय शोधता ते आम्ही बघत नाही.' मोठी इंजिनं तुम्ही काय शोधलंत ते लक्षात ठेवतात आणि मग महिनाभर त्याच्याच जाहिराती मागे लावतात. माझ्याकडे ते काही नाही, एवढीच माझी मिजास. तीन आठवड्यांपूर्वी उज्ज्वला मिलमधून येताना पाटीपाशी थांबली. खरंच बघत नाहीस का, असं विचारलं. मी नाही म्हणालो. मग बरं, म्हणाली, मला एक गोष्ट शोधायची आहे आणि ती कुणाला कळायला नको. आणि गेली.

मामा, तेव्हापासून मला जेवण गेलं नाही. इंजिनाचा कॉम्प्युटर काउंटरखाली आहे. कुणीही काही शोधलं की त्याचा हिरवा दिवा एकदा लुकलुकतो. लुकलुकला की वाटायचं, तीच. काय शोधत असेल? दोन स्थळं तिने नाकारली आहेत, नंदुरबारचं आणि उधन्याचं. मग तिसरं कुठलं पाहते आहे? दुसरं शहर? तिसरा कुणी मुलगा? एका दुपारी दिवा सलग अकरा वेळा लुकलुकला तेव्हा मी एका माणसाच्या रेशन कार्डाच्या पंचवीस झेरॉक्स काढल्या. त्याला दोन हव्या होत्या.

मागच्या मंगळवारी आप्पा दुकानात आले. योगिताताई नाश्त्याला गेली होती. आप्पांनी गमछाने स्टूल झटकलं, बसले, आणि इकडचं तिकडचं काही न बोलता म्हणाले, "मनी पोर काय धुंडस ते दखाड. मंग तुना मामाले लई ये, बठीसन बोलूत."

हे वाक्य पुन्हा एकदा वाचा, मामा. माझं उज्ज्वलावर काय आहे ते सगळ्या गल्लीला माहीत आहे, म्हणजे आप्पांनाही होतं. आणि ते मला सांगत होते, की तिने काय शोधलं एवढं दाखव आणि मामांना घेऊन बोलणीला ये. माझ्या आयुष्यात आजवर कुणी मला इतकं मोठं काही देऊ केलेलं नाही. शहाण्या माणसाने पाणी मागितलं असतं, विचार केला असता. मी म्हणालो, "आप्पा, बाहेरची पाटी तुम्हालाबी लागू आहे." इथेच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण तोंड एकदा चालू झालं की माझ्या मागाचा खटका कुणाला सापडत नाही. स्वतःच्या पोरीला समोर बसवून विचारायची हिंमत नाही म्हणून झेरॉक्सवाल्याकडे आलात, असं मी म्हणालो. आप्पा उठले, गमछा खांद्यावर टाकला आणि गेले. दुसऱ्या दिवसापासून तीन कारखान्यांच्या झेरॉक्स समोरच्या दुकानात जायला लागल्या. योगिताताई माझ्याशी फक्त झेरॉक्सपुरतं बोलते: पुढून, मागून, दोन्ही बाजू.

काल उज्ज्वला आली. बोटं मोरपंखी होती. आप्पांना दाखवलं नाहीस ना, असं तिने विचारलं. मी मान हलवली. मग तिने जे सांगितलं ते शब्दाला शब्द लिहितो, कारण मी ते रात्रभर घोकलं आहे. म्हणाली, "तुझ्या इंजिनात काहीच सापडत नाही रे, श्रीरंग. तीन आठवडे मी एकच विचारते आहे, मधेच सोडलेलं कॉलेज परत सुरू करता येतं का. आणि ते मला भेस्तानची खोली दाखवतं, संडास बाहेर."

शेवटी सोमवारी तिने मोठ्याला विचारलं. त्याने अर्ध्या मिनिटात उत्तर शिजवून दिलं. त्यावर विसंबायला नको म्हणून जेवणाच्या सुट्टीत तिने माझ्या कॉलेजच्या ऑफिसात फोन लावून खात्री केली. झालेली दोन वर्षं धरतात, या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत अर्ज घेतात. ती मोठ्याकडे गेली म्हणून मी मिनिटभर खरोखर तापलो. तेव्हा ती म्हणाली, आप्पा बोलणीला बसले की पहिला प्रश्न शिक्षणाचाच विचारणार, उत्तर तयार नको का? मग मी काय म्हणालो ते मला आठवत नाही. योगिताताई सांगते, मी तिला पावती दिली.

तिने घरी जाऊन आप्पांना आपण काय शोधत होतो ते स्वतःच सांगितलं. ते ऐकून आप्पा तिच्या आईला म्हणाले, "पोरगा तापट शे, पण पोटमा ठेवस." आज सकाळी एका कारखान्याच्या झेरॉक्स परत आल्या आहेत. बाकी सगळं ठीक. मामींना नमस्कार, स्पीकरला रामराम.

तुमचा भाचा,
श्रीरंग

ता. क. पत्र खरं तर एवढ्याचसाठी होतं: परवाचा सोडून पुढच्या रविवारी सकाळी तुम्ही इकडे या. आप्पांकडे बोलायला जायचं आहे. बाबांना पाठवता येत नाही, कारण तापटपणा मी काही बाहेरून आणलेला नाही. बैठकीत तुम्ही बोला, मला बोलू देऊ नका. मी बोलायला लागलोच तर माझ्या हातात चहा द्या.

ता. क. २. कॉलेजात पुन्हा घेताना सरांना माफीपत्र द्यावं लागेल. मी आतापर्यंत चार लिहिली, चारही शेवटच्या ओळीपर्यंत येता येता भांडणं झाली. तेवढं तुम्हीच लिहून आणा, मी खाली सही करीन. न वाचता करीन, वाचलं तर पाचवं होईल.

ता. क. ३. एक गोष्ट फक्त तुम्हाला. मंगळवारी आप्पा दुकानातून उतरून रिक्षांच्या पलीकडे दिसेनासे झाले, तेव्हा मी काउंटरखाली शिरलो आणि दहा मिनिटं तो कॉम्प्युटर धुंडाळला, तिने काय शोधलं ते कुठे राहिलंय का म्हणून. काही नव्हतं. मीच काही ठेवलेलं नाही. उठताना फळी डोक्याला लागली, कपाळावर टेंगूळ आलं, ते अजून आहे. उज्ज्वलाला मी झेरॉक्स मशीनचं झाकण लागलं असं सांगितलं आहे. रविवारी विषय निघाला तर तुम्हीही झाकणच सांगा.