निंबछाया नगरचा झोका

१२ एप्रिल

नाव ठरलं – निंबछाया नगर! कौतिकनानांकडून घेतलेल्या वावरात एकच निंब आहे, आणि नकाशात तो नेमका रस्त्याच्या मधोमध येतो. म्हणजे छाया जाणार, नगर राहणार. विहीर नगरात विहीर बुजवली. आमराई पार्कात आंबा औषधालाही नाही. मी ज्याचं नाव देतो ते आधी मरतं. स्वतःचं नाव अजून कुठल्या लेआउटला दिलेलं नाही, हे बरंय.

नाना सही करताना एवढंच म्हणाले, “निंब ऱ्हावू द्या भाऊ. दुपारले बठ्ठं गाव तठे बसस.”

मी म्हटलं, बघतो. अर्धा धंदा या एका शब्दावर चालतो.

१५ एप्रिल

नथ्थूला सांगितलं – साइट तोच सांभाळतो, मूळचा सुतार. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, साडेतीन मुहूर्तांतली, त्या दिवशी बुकिंग उघडायचं. त्याआधी वावर साफ! गिऱ्हाइकाला मोकळी जमीन दिसली पाहिजे.

“बठ्ठं?” म्हणजे सगळंच का, त्यानं विचारलं. 

“बठ्ठं!”

१९ एप्रिल

ऋतिकाचा जळगावहून फोन! आमराई पार्कातला शेवटचा आंबा तोडला तेव्हापासून लेक माझ्याशी बोलत नव्हती. दिवाळीलासुद्धा आली नाही. आज स्वतःहून म्हणाली, लग्नानंतरची पहिली आखाजी, माहेरी येतेय. “पण आखाजीचा झोका झाडाला हवा, पप्पा. पार्किंगच्या हुकाला नाही.”

मी म्हटलं, बांधतो. ‘बघतो’ म्हटलं नाही! बायको, सुनंदा, चकित होऊन माझ्याकडे बघत राहिली.

२० एप्रिल

झाड शोधायला निघालो. आमच्या कॉलनीत शोभेचे पाम. पामला झोका बांधणारा अजून जन्मायचाय. मग स्वतःचे सगळे लेआउट पालथे घातले, गाडीचा एसी लावून. सगळीकडे बोर्डावर बिल्डर म्हणून माझंच नाव, आणि फांदी एक नाही. अर्ध्या धुळ्याला घर दिलं म्हणून भाषणात सांगतो मी!

शेवटी निंबछायाच. उतरलो तर टाळू भाजली. बाहेर त्रेचाळीस, निंबाखाली वारा. दोन म्हाताऱ्या, काही शेळ्या, मान टाकून झोपलेला एक कुरियरवाला. एक म्हातारी सरकली, मला जागा दिली – जमिनीच्या मालकाला! लाज वाटली. बरंही वाटलं. बराच वेळ बसलो.

तिथूनच आर्किटेक्टला फोन केला. रस्ता वळव, निंब राहणार. एक प्लॉट कमी होईल म्हणाला. होऊ दे.

२२ एप्रिल

नथ्थूला फोन. झोक्याला पाट कर म्हटलं, निंबाचाच – आईचा तसाच होता. गडी खूश. “आसा पाट करसू भाऊ, पोर देखत राही!” त्याला मला अजून काहीतरी सांगायचं होतं. मध्येच बॅनरवाल्याचा फोन आला.

२६ एप्रिल

बॅनर आले. निंब माझ्या फोटोपेक्षा मोठा छापलाय. योग्यच आहे. छापखाना, मंडप, आमंत्रणं – साइटवर जायला फुरसत नाही.

२८ एप्रिल

दोर आणला. “गाठ तरी मारता येते का?” – सुनंदा. पलंगाच्या पायाला बांधून सराव केला. गाठ टिकली, पलंग सरकला. 

उद्या ऋतिका येते. इतके प्लॉट विकले, पण कुणाला साइट दाखवायची एवढी घाई कधी झाली नव्हती. लिहायला हरकत नाही – मला फार आनंद झालाय.

२९ एप्रिल

ऋतिकाला स्टँडवरून थेट साइटवर नेलं. डोळे मीट म्हटलं. हसली, मिटले. हात धरून गाडीतून उतरवली. दोर माझ्या खांद्यावर.

नथ्थू भर उन्हात उभा. “बठ्ठं साफ करी टाकं भाऊ!” हातात पाट. गुळगुळीत, कडेनं वेलबुट्टी. “आपलाच निंबना शे.”

ऋतिकानं डोळे उघडले. पाट हातात घेतला, त्यावरून बोटं फिरवली. मग सगळीकडे पाहिलं – नुसती मोकळी जमीन.

“बांधायचा कुठे, पप्पा?”