न फोडलेली संत्रा बर्फी

रविवार, जून. संध्याकाळ.

कुठंतरी पाणी मुरतंय. सकाळी मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा निकाल लागला, समोरच्या घरी फटाकेही फुटले, आणि आमची नात रेणू म्हणते, "आबा, साइट उघडूनच नाही राहिली." समोरच्यांची उघडते, आमचीच नाही?

संत्रा बर्फीचा डबा मी कालच इतवारीच्या बाजारातून आणून फ्रिजमध्ये ठेवला. रेणूचा तिच्यावर भारी जीव. एरवी दोरा सुटायच्या आत दोन वड्या गायब. आज पोरगी सारखी फ्रिज उघडते, पाणी घेते, पण डब्याला हात लावत नाही. जेवताना मुलगा मान वर करेना. सूनबाई म्हणते, "निकाल काय, उद्या पाहू ना." वर्षभर हिच्या तोंडी दुसरा विषय नव्हता!

मला वाटलं, पोरगी आईबापापासून लपवते आहे. गच्चीवर तिला एकटीला गाठलं. "खरं सांग वं, मी कोणाले नाही सांगत."

"मम्मी-पप्पाले सकाळीच सांगितलं. कमी आले, आबा. मम्मी म्हणे, तुमाले हळूच सांगू. तुम्ही साऱ्या मोहल्ल्याले सांगून ठेवलं, आमची डॉक्टरीण होऊन राहिली म्हणून."

म्हणजे घरात एकट्या मलाच ठाऊक नव्हतं. आणि मीच बसलो होतो साऱ्यांवर पाळत ठेवून.

खाली येऊन डब्याचा दोरा मीच सोडला. म्हटलं, "निकालाची नाही, रविवारची आहे. खा."

सुनेनं आधी माझं तोंड निरखून पाहिलं. तिलाही संशयच आला असणार. रेणूनं मात्र दोन वड्या उचलल्या.