शेंडा नेमका कुठे असतो?

६ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ही सोमवारी ट्रेनिंगला गेली. बस हलेपर्यंत खिडकीतून सूचना चालूच होत्या. मी मोठ्या रुबाबात सांगून बसलो की पोरीच्या केसालाही धक्का लागू देणार नाही. त्यावर ही म्हणाली की बाकी सगळं जमेल, प्रश्न केसांचाच आहे.

तुला माहीतच आहे, भिंगरीचे केस कमरेपर्यंत, आणि आजवर मी त्यांना बोटही लावलेलं नाही. हॉस्पिटलात पहाटेची पाळी असली तरी ही तिची वेणी घालूनच बाहेर पडायची. आता मी फणी हातात घेतली की भिंगरी टेबलाभोवती पळते आणि मी तिच्यामागे. काल फणीचे दात मोडले. पोरगी शाळेत गेली ती वेणी न घालता, केसांची जुडी सुतळीने बांधून. सुतळी माझ्या रोपांच्या नर्सरीतली होती, पण स्वच्छ होती.

खरी चिंता वेगळीच आहे. सहा महिने मुलीला सोडून राहायचं हिच्या अगदी जिवावर आलं होतं. ऑपरेशनच्या खोलीतली नर्स व्हायचं हे हिचं लग्नाआधीपासूनचं स्वप्न, म्हणून मीच आग्रहाने पाठवलं. सप्टेंबरात मधली सुट्टी मिळेल. तेव्हा घर नीट चाललेलं दिसलं तरच परत जाईन, नाहीतर ट्रेनिंग सोडून देईन, असं ठरवूनच गेली आहे. आणि घर बघणार म्हणजे आधी पोरीचं डोकं बघणार.

तेव्हा ताई, रोज काय करायचं ते नीट लिहून कळव. फोनवर नको. फोनवर मी हो हो म्हणतो आणि विसरतो. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
ढब्बू


९ जून

चि. ढब्बूस,
अ. आ.

सुतळीपर्यंत वाचलं आणि कपाळाला हात लावला. अरे, मुलगी आहे ती, पेंढी नव्हे! पार्लर बंद करून मला येता येत नाही, म्हणून इथूनच उंटावरून शेळ्या हाकते. तू शेळीसारखा निमूट ऐक.

ओल्या केसांत फणी घालायची नाही. ओला केस नाजूक असतो, ताणला की तुटतो. धुतल्यावर टॉवेलने खसाखसा पुसू नकोस, तू भांडी घासत नाहीयेस. जुन्या सुती कपड्यात गुंडाळून पाणी टिपून घे. धुवायला पाणी कोमटच हवं, कढत पाण्याने केस कोरडे पडतात. आठवड्यातून दोनदा धुतलेस तरी पुष्कळ झालं. त्याआधी तासभर तेल लाव, बोटांच्या पेरांनी, नखांनी नव्हे, आणि बेताचं. तेल ओघळून कानात गेलं म्हणजे बापाची माया जास्त, असं काही नसतं.

फणी मोठ्या दातांची आण. ती तिची एकटीची, आणि ती धुवायचीही असते हे लक्षात ठेव. विंचरताना सुरुवात शेंड्याकडून कर, म्हणजे गुंता न दुखता सुटतो. रात्री सैल वेणी. रबर नको, कापडी फीत आण, आणि ती सुतळी परत झाडांना बांध. पोरीच्या पोटात डाळी, अंडी, पालेभाज्या जाऊ देत. केस डोक्यावर दिसतात, पण वाढतात ते ताटातल्या अन्नावर.

आणि हो, शेंडे फाटलेले असले तर बोटभर छाटून टाक. ते तुला मी काय शिकवू? दिवसभर कात्री तुझ्याच हातात असते. भिंगरीला माझा पापा, आणि तुला जो हवा असेल तो आशीर्वाद.

तुझी
ताई


२२ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

तेल, कोमट पाणी, सुती कपडा, सगळं तू लिहिलंस तसं केलं. विंचरायलाही रोज शेंड्याकडून सुरुवात केली. थेट डोक्याच्या माथ्यापासून फणी खाली ओढायची. सगळा गुंता खाली सरकून लिंबाएवढा गोळा व्हायचा आणि भिंगरी अशी किंचाळायची की खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका एकदा कात्री घेऊन वर धावत आले. पण म्हटलं, ताई सांगते तर त्यात काहीतरी असेल.

रविवारी छाटणी काढली. शेंडा खुडला की रोप बाजूंनी फुटतं आणि भरगच्च होतं, हे मी नर्सरीत येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. तूही तेच लिहिलंस म्हणून मला भारी कौतुक वाटलं. भिंगरीला स्टुलावर बसवलं, माथ्यावरची बोटभर जाडीची बट धरली आणि बुडाशी छाटली. कमरेपर्यंतचे केस जेव्हा हातात आले तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली.

आता तिच्या डोक्यावर मधोमध गाजराला असतो तसा तुरा उभा आहे. पाणी लावून बसवला तरी पुन्हा उठतो. भिंगरी रडली, मग आरशात बघून पुन्हा रडली. माझ्याशी बोलत नाही. मीठ हवं असलं तरी शिंपीकाकांकरवी निरोप धाडते. हिला काय तोंड दाखवू? ही आता ट्रेनिंग सोडणार, आणि तेही माझ्यामुळे. या विचाराने जेवण जात नाही.

ताई, शेंडा नेमका कुठे असतो?

तुझा अभागी
ढब्बू


२७ जून

चि. ढब्बूस,
अ. आ.

एका बाईचं डोकं धुता धुता तुझं पत्र वाचत होते. हसताना हात असा हलला की बिचारीच्या डोळ्यांत साबण गेला. मग तिनेही पत्र मागून घेतलं आणि आम्ही दोघी डोळे पुसत बसलो.

अरे शहाण्या, झाडाचा शेंडा वर असतो, पण केसाचा खाली! केस उगवतो डोक्यातून आणि लोंबतो खाली, मग त्याचं टोक कुठे आलं? कमरेपाशी. टांगलेल्या कुंडीतली वेल डोळ्यांसमोर आण. यात थोडी चूक माझीही आहे. माळ्याला शेंडा छाट म्हणून सांगितलं, म्हणजे माझीच अक्कल चरायला गेली होती.

आता आणखी हात दाखवून अवलक्षण करू नकोस. तुऱ्याला जोडीदार म्हणून आजूबाजूचे केस कापायचे नाहीत. तेल थापून चिकटवायचा नाही, आवळून पिनही लावायची नाही. भांग बाजूला काढ आणि रुंद, मऊ कापडी पट्टा लाव. तुरा आपल्या गतीने वाढेल. विंचरायचं ते कमरेपासून वर वर, मधली बट मुठीत धरून, म्हणजे मुळाला ओढ बसत नाही.

बायकोपासून मात्र काही लपवू नकोस. केस पट्ट्याखाली झाक, गोष्ट झाकू नकोस. आणि आधी पोरीची समजूत काढ. केस आपोआप परत येतात, रुसलेल्या माणसाला आणायला जावं लागतं.

रागावले नाही. हसू आवरलं की जास्त लिहीन.

ताई


१४ जुलै

ती. आत्यास,
शि. सा. न.

आता मी बाबांशी बोलते. का ते सांगते. बाबांनी बरोबरी करायची म्हणून स्वतःचा पण शेंडा कापला. पण त्यांचे तिथे अगोदरच कमी होते, म्हणून मी म्हटलं की ही चीटिंग आहे. मग त्यांनी मिशी काढली. बाबांचा वरचा ओठ खूप मोठा आहे, मी पहिल्यांदाच पाहिला. शिंपीकाका त्यांना ओळखेचनात.

आता विंचरताना दुखत नाही. बाबा खालून सुरू करतात आणि एकेक गुंता सुटला की एकेका झाडाचं नाव घेतात. मला आता खूप झाडं येतात. वेणी थोडी वाकडी होते, पण शाळेत सुटत नाही. तुझ्या पार्लरमध्ये बाबांना नोकरी मिळेल का?

आई आली की मी सांगणार आहे की केस मीच कापले, म्हणजे ती ट्रेनिंग सोडणार नाही. बाबा म्हणतात खोटं बोलायचं नाही. आमच्यात कोण बरोबर ते कळव. पण बाबांना नको, मला कळव.

तुझी लाडकी (मीच ना?)
भिंगरी


१६ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ही शुक्रवारी आली. दारातच आधी माझ्या ओठाकडे बघत राहिली, मग भिंगरीचा पट्टा काढला. भिंगरीने एका दमात सांगून टाकलं की केस तिनेच कापले. हिने शांतपणे विचारलं की मग बाबांची मिशीही तूच कापलीस का. तेव्हा मी शेंड्याचं सगळं रामायण सांगितलं. ही इतकी हसली की हातात बॅग घेऊन तशीच पायरीवर बसली.

हसून झाल्यावर वेणी सोडली. वॉर्डात पेशंट तपासावा तसं डोकं तपासलं, बोटं केसांतून खालपर्यंत फिरवली आणि उठून चहा ठेवायला गेली. शनिवार गेला, रविवार गेला. बॅग कोपऱ्यात होती. धुतलेले कपडे बॅगेवर ठेवलेले, आत नाहीत आणि कपाटातही नाहीत. विचारायचा धीर मला झाला नाही.

आज सकाळी मी भिंगरीची वेणी घातली तेव्हा ही दाराला टेकून सगळं बघत होती. भिंगरी शाळेत गेली. मग ही अंबाडा सोडून आली, माझ्याकडे पाठ करून स्टुलावर बसली आणि खांद्यावरून फणी मागे धरली. मला वाटलं फणी धुवायची आहे, म्हणून मी नळाकडे निघालो. हिने हाक मारून परत बोलावलं.

ताई, हिचे केस बघून मला रागच आला. कानशिलांजवळ विरळ झालेत, टोकं फाटलीत. होस्टेलवर पहाटे कढत पाण्याने डोकं धुते, ओल्याचाच अंबाडा घालते आणि वर दिवसभर टोपी. तुझी सगळी पत्रं मी हिला तोंडपाठ म्हणून दाखवली. आजवर जी मला सुनावत आली, ती आज मुकाट ऐकत होती. मग म्हणाली की आई गेल्यापासून माझे केस कुणी विंचरलेच नाहीत. इतकी वर्षं एका घरात राहून हे मला ठाऊक नव्हतं.

मी सावकाश विंचरत राहिलो. वेणीचे पेड पाडले तेव्हा ही म्हणाली की जरा नीट आवळून घाल, दिवसभर बसमध्ये बसायचंय.

मी थांबलो नाही. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तसाच वेणी घालत राहिलो. हिला ते कळलं असणार, कारण हिने मान जराही हलवली नाही.

लोभ तू न मागताच करतेस, म्हणून मागत नाही.

तुझा
ढब्बू